वरची ओंजळ

मापाडी कधी ‘एक’ म्हणत नाही. लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कुणालाही विचारा. पहिलं माप पडलं की ‘लाभ’, मग दोन, मग तीन, आणि दहा मापं झाली की एक ओंजळ वर. ती ओंजळ मोजायची नसते. का नसते, असं कुणी ग्यानोबा मापाड्याला विचारलं, तर तो त्या माणसाला खालपासून वरपर्यंत बघायचा आणि म्हणायचा, “पाव्हण्याला जेवू घालताना भाकरी मोजता का तुम्ही?” त्याच्या आज्यानं टाकली, बापानं टाकली. पायली गेली, काटा आला, शेर जाऊन किलो आला, पण ग्यानोबाची ओंजळ काही गेली नाही.

पण ओंजळ टाकायला धान्य तर पाहिजे! लातूर जिल्हा झाला तेव्हा मोंढ्यात हलगी वाजली, गुलाल उडाला, ग्यानोबा स्वतः नाचला. आणि त्यानंतर आभाळानं अशी पाठ फिरवली की मोंढ्यातले म्हातारे म्हणायला लागले, उस्मानाबादनं जिल्हा सोडला खरा, पण पाऊस तेवढा ठेवून घेतला. ज्वारी नाही, तूर नाही. देविदासशेठ आडत्याचं पत्र्याचं गोदाम एवढं उंच की पोत्यांची थप्पी लावायला शिडी लागायची. तिथं आता उंदीरसुद्धा राहिला नव्हता. ग्यानोबा सवयीनं रोज सकाळी यायचा, काटा पुसायचा आणि उंबऱ्यात बसून तंबाखू मळायचा.

तसल्यात एक दिवस ट्रकमधून मोठाल्या पेट्या आल्या. नव्या जिल्ह्याला खेळाची नवी इमारत मिळणार होती. पाटी आली होती, सामान आलं होतं, इमारत तेवढी यायची राहिली होती. देविदासशेठ म्हणाले, “ठेवा माझ्या गोदामात. न्हाईतरी वाराच भरून ठेवलाय त्यात.” पेट्या फोडल्या तर आत लोखंडी चौकट, शंभरावर स्प्रिंगा आणि मध्ये ताणायला पट्ट्यांचं विणलेलं जाळं. सगळा मोंढा गोळा झाला.

“बाज हाय की ही!” ग्यानोबा म्हणाला. “हिच्यावर झोपणार कोण, हत्ती?”

“झोपायचं न्हाई मामा, उडायचं. ट्रॅम्पोलिन म्हणतात हिला,” मल्लिकार्जुन सर म्हणाले. सर उदगीरचे. फौजेत कसरतीचे उस्ताद होते, रिटायर होऊन लातुरात शाळेत पीटी शिकवायचे. चौकट जोडून झाल्यावर त्यांनी बूट काढले, वर चढले, दोन-चार झोके घेतले आणि हवेत कोलांटी मारून दोन पायांवर उतरले. हमालांनी अशा शिट्ट्या मारल्या की बाहेर सोडलेले बैल बिचकले.

ग्यानोबाची धाकटी लेक चांगुणा तेव्हा अकरा वर्षांची. आबाची भाकरी घेऊन आली होती. भाकरी उंबऱ्यात राहिली आणि पोरगी बाजेवर गेली. त्या दिवसापासून तिला खाली उतरवायचं म्हणजे नाकी नऊ यायचे.

सर शिकवायचे. हमाल रिकामेच होते, ते झेलायला चारी बाजूंनी उभे राहायचे. क्विंटलाचं पोतं पाठीवर घेणाऱ्यांना पोरगी काय जड! राहिलं मोजायचं काम. या खेळात दहा उड्या असतात, एकीला एक जोडून, मध्ये थांबायचं नाही. सरांनी ग्यानोबाच्या हातात शिट्टी दिली. त्यानं ती खिशात घातली आणि गळा मोकळा केला.

“लाऽभ गा लाभ! दोन गा दोन! तीन गा तीन!”

दोन वर्षं बंद पडलेला तो गळा असा सुटला की पत्रे घुमले. चांगुणाचे पाय त्या हेलावर बसून गेले. तो आवाज चढवायचा तशी ती चढायची, तो आकडा टाकायचा तशी ती उतरायची. आणि दहा झाल्या की ग्यानोबा सवयीनं ओरडायचा, “आन् ही वर!” मग चांगुणा अकरावी कोलांटी मारायची, सगळ्यात उंच, हात पसरून, उगीच, मजेची. तिचं नावच ओंजळ पडलं.

“मामा, ही अकरावीची सवय बरी न्हाई,” सर कधीमधी म्हणायचे. पण म्हणताना तेही वर बघून हसायचे. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

तीन वर्षं अशी गेली. तळ्यात चिखल, नळाला आठ दिवसांनी पाणी, आणि गोदामात रोज संध्याकाळी लाभ गा लाभ. खेळ नवा, सगळ्या देशात असल्या बाजा बोटावर मोजण्याइतक्या. देशाच्या संघाची निवड त्या साली नांदेडला झाली. तिथंही ग्यानोबानं मोकळ्या गळ्यानं मोजलं. पंचांतले दोघं नांदेडच्या मोंढ्याजवळच वाढलेले. त्यांनी ते ऐकलं आणि गालातल्या गालात हसले, हरकत कुणी घेतली नाही. चांगुणा पहिली आली, उमरीची सुमन दुसरी. चार पोरींचा संघ ठरला. बल्गेरिया नावाच्या देशात जायचं, तीन गावांत खेळ करून दाखवायचे आणि शेवटी राजधानीत, सोफियाला, स्पर्धा. बाजेशेजारी उभं राहून पडणाऱ्याला झेलणारा एक भक्कम माणूस बरोबर पाहिजे होता. सरांनी ग्यानोबाचं नाव लिहिलं.

“मी? इमानात?” ग्यानोबा घरी येऊन मटकन बसला. त्यानं आजवर औरंगाबादसुद्धा पाहिलं नव्हतं.

त्याची बायको कोंडाबाई धपाटे बांधत म्हणाली, “लेकरू वर गेलं की खाली येतंय का तेवढं बघा. वर जायला तिला कुणी लागत न्हाई.”

बल्गेरियाचं ग्यानोबाला पहिल्याच दिवशी कौतुक वाटलं, कारण तिथं दही मिळालं, घट्ट, आंबट, घरच्यासारखं. पण माणसं उलटी निघाली. हो म्हणायचं तर मान आडवी हलवायची आणि नाही म्हणायचं तर खाली-वर! त्यानं खुणेनं मिरची मागितली, वाढणाऱ्या बाईनं मान आडवी हलवली, हा हिरमुसून गप्प बसला. आणि बाई ताटलीभर मिरच्या घेऊन हजर. “अरं माझ्या कर्मा!” म्हणत त्यानं तीन संपवल्या. बाई डोळे फाडून बघत राहिली.

पाणी बघून मात्र त्याचा जीव तुटायचा. हॉटेलात चोवीस तास नळ. कुठं टपटप ऐकू आलं की गडी उठलाच. दुसऱ्याच्या खोलीचं दारसुद्धा वाजवायचा, नळाकडं बोट दाखवायचा, आत जाऊन घट्ट पिळायचा आणि हात जोडून बाहेर यायचा. “आबा, लोक काय म्हणतील!” चांगुणा लाजून पदरात तोंड लपवायची, तिथं पदर नव्हता, खेळाचं जाकीट होतं, त्यात लपवायची.

खेळ मात्र असे रंगले की काय सांगावं! पहिल्या गावात लोक नुसते बघत राहिले. एक माणूस बाजेच्या कडेला उभा राहून गातोय काय, पोरगी त्याच्या तालावर उडतेय काय! दहा झाल्या, ग्यानोबा ओरडला, “आन् ही वर!” आणि चांगुणाची ओंजळ उडाली. सगळं गाव उभं राहिलं. दुसऱ्या गावात ओंजळ परत मागितली. तिसऱ्या गावापर्यंत कीर्ती पुढं पोचली होती; चिल्लीपिल्ली पहिल्याच उडीला ‘लाभ’ म्हणून कोरसात ओरडली. ग्यानोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, आता मेलो तरी चालंल, पण आधी कोंडाबाईला हे सांगितलं पाहिजे.

सोफियाला पोचले तर तार येऊन पडली होती. देविदासशेठची. सरांनी वाचून दाखवली: पीक जोरात. मुगाची आवक सुरू. गोदाम मोकळं केलं. ग्यानोबा लवकर ये.

ग्यानोबानं तिथल्या तिथं सरांना उचललंच. “पिकलं! सर, पिकलं! मूग आला मोंढ्यात!” सुमनला टाळी दिली, दारातल्या अनोळखी म्हाताऱ्याला मिठी मारली. चांगुणाही नाचली. मग नाचता नाचता थांबली.

“आबा, गोदाम मोकळं केलं म्हंजे? बाज कुठं गेली?”

बाज परत पेटीत गेली होती, आणखी कुठं जाणार? इमारतीची अजून पाटीच होती. सरांनी पोरीला समोर बसवलं आणि सरळच सांगितलं. “बाळ, लातुरात आता बाज न्हाई. कधी येईल, देव जाणे. पण दिल्लीत वर्षभराचं शिबिर हाय, राहणं-जेवण-शाळा सगळं तिथंच. या स्पर्धेत जी पहिल्या आठांत येईल तिला तिथं घेणार. आली तर उडशील. न्हाई तर खेळ इथंच संपला समज.”

ग्यानोबा बाजूला बसून हे ऐकत होता. पाच वर्षं त्यानं ज्या पिकासाठी देवाला साकडं घातलं, ते आलं ते पोरीची बाज उचलूनच! रडावं की हसावं कळेना. शेवटी तो म्हणाला, “आठात काय, तू पहिली येशील. मी हाय की मोजायला.”

स्पर्धा दोन फेऱ्यांची. पहिल्या फेरीत चांगुणा चढली, नव्या कोऱ्या उंच सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आणि त्या शांततेत आमच्या ग्यानोबानं आवाज लावला, “लाऽभ गा लाभ!”

पंचांच्या माना झटकन वळल्या. मध्यभागी बसलेली, दुसऱ्या देशातून आलेली जाड चष्म्याची पंचबाई काहीतरी लिहायला लागली. ग्यानोबाला वाटलं, पसंत पडलं बाईला! त्यानं आणखी जोर लावला. उड्या सुरेख झाल्या. दहा झाल्या. “आन् ही वर!” चांगुणानं ओंजळ उडवली, उतरली, हसून हात वर केले. टाळ्या तुरळकच वाजल्या.

दुभाष्यानं येऊन सांगितलं. खेळ चालू असताना कडेच्या माणसानं बोलायचं नाही, त्याचे मार्क कापले. उड्या दहाच, अकरावी मारली, त्याचा पूर्ण एक मार्क कापला. चांगुणा चौदावी.

“अय्यो शिवा,” म्हणून सर खाली बसले. “चूक माझी हाय. पुस्तकात वाचलं होतं मी. नांदेडला चाललं, गावोगाव चाललं, आन् मलाबी ते गोड लागलं.”

ग्यानोबाचं तोंड काळं ठिक्कर पडलं. आपण काय केलं! ज्या गळ्याची आपल्याला घमेंड, त्याच गळ्यानं लेकराचा घात केला. “मी बाहेर जाऊन बसतो,” तो म्हणाला. “झेलायला दुसरं कुणी उभं करा.”

“तुम्ही नसला तर मी चढणार न्हाई,” चांगुणा म्हणाली. “मोजल्याबिगर मी कधी उडलेच न्हाई, आबा. तुम्ही दिसायला तरी पाहिजे.”

“मग गप उभं राहा मामा. मूग गिळून उभं राहा,” सर म्हणाले.

“सर, तुमची आण, गळा माझ्या ऐकण्यातला न्हाई. तिचे पाय उचलले की हा सुटतोच. चाळीस वर्षांची खोड हाय.”

तेव्हा उमरीची सुमन, जी कधी फार बोलायची नाही, ती म्हणाली, “मामा, तोंडात पाणी धरा. माझी आजी सासूसमोर तसंच करायची. सासू बोलायला लागली की घोट घ्यायची आन् सासू थकेपर्यंत गिळायची न्हाई. वीस वर्षांत भांडण झालं न्हाई बघा त्यांचं.”

दुसऱ्या फेरीला ग्यानोबा बाजेच्या कडेला उभा राहिला तो दोन्ही गाल टम्म फुगवून. अर्धा पेला पाणी आत होतं. चांगुणा वर चढली, तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि झोके घ्यायला सुरुवात केली. एक झोका, दुसरा, उंच, आणखी उंच.

पहिली उडी सुटली. ‘लाभ’ ग्यानोबाच्या घशापर्यंत आला आणि पाण्यावर आपटून मागं गेला. दुसरी. तिसरी. कानशिलं गरम झाली. चौथीला थोडं पाणी नाकात गेलं. त्यानं नाक दाबलं नाही, हात झेलायला मोकळे पाहिजेत. पाचवी, सहावी. पोरगी नीट चालली होती. बिनआवाजाची, बिनमोजणीची, तरी नीट.

सातवीला ती सरकली. बाजेच्या मधोमध उतरायची ती कडेला आली, अगदी त्याच्या बाजूला, पाय जाळ्याच्या शेवटच्या पट्टीवर. पुढची उडी इथून सुटली तर ती स्प्रिंगांवर पडणार. ग्यानोबाचे हात आपोआप वर गेले. पण हात लागला तर खेळ तिथंच संपतो, एवढं आता त्याला पाठ होतं. झेलावं तर खेळ जातो, झेलू नये तर लेकरू जातं! तो हात पसरून उभा राहिला, चार बोटांच्या अंतरावर, आणि त्यानं हात लावला नाही. त्याच्या आयुष्यात त्यानं एवढं जड काही उचललं नव्हतं.

चांगुणा वर गेली, हवेत जराशी कलली आणि आठवीला मध्याजवळ आली. नववीला बरोबर मध्यात. दहावी, दुहेरी कोलांटी, जिच्यावर सरांनी वर्ष घातलं होतं, ती अशी उतरली की पायाखालचं जाळं खोल गेलं.

आणि आता खरी परीक्षा. जाळं तिला परत वर फेकणारच होतं. तीन वर्षांची सवय, अंगात भिनलेली. ती वर गेली. ग्यानोबा मनातल्या मनात विनवत राहिला. नको बाई, नको, नको. ती वर सरळ राहिली, हात अंगाशी, तशीच सरळ खाली आली, गुडघे वाकवून दाबलं आणि उभी राहिली. हलली नाही. पंचबाईनं मान खाली-वर केली, तेव्हा ग्यानोबाला वाटलं, बाई नाही म्हणाली. मग त्याला आठवलं की ही बाई बल्गेरियाची नव्हे, हिची मान आपल्यासारखीच हलणार.

फलकावर आकडे लागायला वेळ लागला. सर शिवाचं नाव जपत होते. सुमननं आधी वाचलं आणि किंचाळली. आठवी! चांगुणा आठवी!

सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. ग्यानोबा तसाच उभा, गाल फुगवून, डोळ्यांतून धारा. “मामा, आता थुंका की!” सर ओरडले. थुंकेल कसा? लातूरचा माणूस तो. त्यानं घोट सावकाश गिळला, मिशा पुसल्या, आणि पहिला शब्द फुटला, “दहा!”

चांगुणा धावत आली. हसून हसून तिला बोलता येईना. “आबा, तुमचे गाल! दर उडीला वरून तेच दिसायचे. हसू दाबता दाबता भ्यायचंच राहिलं. सातवीला हसू फुटलं म्हणूनच सरकले मी!”

“आन् मोजलं कुणी?”

“मीच मोजलं.” ती जराशी थांबली. “मोजायला आता तुम्ही लागत न्हाई, आबा. ओंजळीला लागता.”

ग्यानोबाला हे लागलं, आणि लागलं तसं गोडही वाटलं. त्यानं आजूबाजूला बघितलं. फेरी संपली होती, पंच कागद आवरत होते. गॅलरीत तिसऱ्या गावची चिल्लीपिल्ली बसली होती, कुणीतरी त्यांना बसनं आणलं होतं, आणि ती पाय आपटून ‘लाभ, लाभ’ ओरडत होती. जाड चष्म्याची बाई पेनाला टोपण लावून थांबली. तिनं बाजेकडं हात केला, जा म्हणाली.

चांगुणा बाजेवर चढली. ग्यानोबानं छाती भरून घेतली.

“आन् ही वर!”

एवढी उंच ती कधी गेली नव्हती. गोदामाचं आढं नव्हतं तिथं, थप्पी नव्हती, मार्क नव्हते. ती हात पसरून फिरली, आणि पंचबाईनं उभं राहून टाळ्या वाजवल्या.

दिल्लीला उतरल्यावर चांगुणा तिथूनच शिबिरात गेली. ग्यानोबा एकटा लातूरला परतला. स्टेशनात पोरीसमोर तो रडला नाही, पुढं मनमाडपर्यंत रडला. दुसऱ्या दिवशी मोंढ्यात मुगाच्या राशी लागल्या होत्या, गोदाम आढ्यापर्यंत भरत आलं होतं, आणि हमाल गराडा घालून विचारत होते, इमान कसं असतं, दही कसं असतं.

“आधी काम,” म्हणून तो काट्याशी बसला. “लाऽभ गा लाभ! दोन गा दोन!” पत्रे घुमले. दहा मापं झाली. समोर जळकोटचा एक तरणा शेतकरी पहिल्यांदाच माल घेऊन आला होता. ग्यानोबानं राशीतून दोन्ही हातांनी ओंजळ भरली आणि पोत्यात टाकण्याआधी ती उचलून वर धरली, थेट आढ्याकडं, जिथपर्यंत चांगुणा जायची.

“मामा, ही किती धरायची?” पोरानं विचारलं.

“ही धरायची न्हाई बाबा,” ग्यानोबा म्हणाला. “ही सोडायची असती.” आणि त्यानं हात उघडले.